मैदानाला जात असते का? साताऱ्याचा जिमखाना आणि पालवणकर बाळू

यवतमाळचे पोस्टल ग्राउंड आज समता मैदान म्हणून ओळखले जाते. तिथे जमणाऱ्या आपल्या तरुणांना आम्ही विचारतो, मैदानाला जात असते का? साताऱ्याच्या जुन्या क्रिकेट मैदानाचा इतिहास याचे उत्तर देतो.

साताऱ्याचा जिमखाना फक्त गोऱ्यांचा. पुण्याचा हिंदू संघ तिथे खेळायला गेला, त्यात चर्मकार समाजाचे पालवणकर बाळू होते. हेच बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर राबत. रोलर ओढायचा, जाळी बांधायची, साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र त्यांच्या हाती देत नसत. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून साताऱ्यात आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला, असे सांगतात. तरी बाळूंनी ७ बळी घेतले!

पण स्वतःच्या संघात काय होते? बाळूंनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडूंना चालत होता, त्यांच्या पंगतीला बाळू चालत नव्हते. त्यांचा चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. न्यायमूर्ती रानड्यांनी बाळूंचे जाहीर कौतुक केले. रानडे १९०१ च्या जानेवारीत वारले, म्हणजे सामना त्याआधीचा. आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्याच साताऱ्यातल्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. मैदानावर वेगळे भांडे, शाळेत वेगळे बसणे. जातीचा जाच एकच!

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही संघर्षानंतर. गुणवत्तेचा गजर करणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

काही मित्र म्हणतील, १९३७ मध्ये काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिलेल्या बाळूंचे आपल्याला काय? ते राजकारण चुकीचेच होते आणि मतदारांनी त्याचा निकाल लावला. पण त्या वेगळ्या भांड्याचा अपमान आपल्या सगळ्यांचा आहे. मतभेदापोटी आपणच तो इतिहास सोडला, तर दुसरे लोक जात पुसून ‘महान हिंदू खेळाडू’ एवढेच लिहितील.

म्हणून वणी, पुसद, दारव्हा, दिग्रसच्या तरुणांनो, आपल्या गावच्या जुन्या मैदानाबद्दल म्हाताऱ्यांना विचारा. कप कोणी जिंकला हे फलकावर असते. रोलर कोणी ओढला, पाणी कोणाला वरून ओतले, हे आपल्यालाच लिहावे लागेल.

जयभीम!