मोहाच्या फुलांपासून आडव्या बाटलीपर्यंत

अंबरनाथ आणि बदलापूरच्या आसपासच्या डोंगरपट्ट्यात दारूच्या कायद्याची गोष्ट मोहाच्या झाडाखाली सुरू होते. चैत्रात पहाटे फुलांचा सडा पडतो. ठाकूर आणि कातकरी बाया टोपल्या भरून फुले वेचत, अंगणात वाळवत आणि मडक्यात भरून ठेवत. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की हीच फुले भाजून किंवा शिजवून पोटाला आधार होई. लग्नाला आणि देवकार्याला लागणारी दारूही याच फुलांची गाळली जाई.

1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरोघरचे हे गाळप गुन्हा ठरले. सरकारला महसूल हवा होता. उरणच्या पारशी भट्टीवाल्यांचा आणि ठेकेदारांच्या दुकानांचा माल खपायला हवा होता. तरीही चोरून गाळप चालूच राहिले, तेव्हा 1892 मध्ये खास मोहवा कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावरच त्याने बंधने घातली. अंबरनाथ-बदलापूरचा परिसर तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यात होता. दारू थांबवायच्या नावाखाली गरिबाच्या घरातले अन्नही कायद्याच्या कचाट्यात सापडले. ज्यांच्यासाठी हा कायदा होता, त्यांना कोणी विचारले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर धोरणाचा हेतू बदलला. महसुलाची जागा नीतीने आणि लोककल्याणाने घेतली. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि मोरारजी देसाईंच्या आग्रहाने 1950 मध्ये राज्यभर संपूर्ण दारूबंदी लागू झाली. त्याच 1949 साली, 8 ऑगस्टला, गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी अंबरनाथच्या शेजारच्या कल्याण कॅम्पमध्ये एका नव्या नगराची कोनशिला बसवली. तिथल्या युद्धकाळातल्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित राहत होते. त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. राजाजींनी स्वतः 1937 मध्ये मद्रास प्रांतातल्या सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली होती. म्हणजे हे शहर आणि राज्याची दारूबंदी एकाच काळात जन्माला आली.

मागणी मात्र कायद्याने संपली नाही. काळा गूळ आणि नवसागर यांची हातभट्टी नदीनाल्यांच्या काठी, झुडपांच्या आडोशाला लागे आणि टायरच्या ट्यूबमध्ये भरून दारू शहरात पोहोचे. 1960 च्या दशकापासून वसंतराव नाईकांच्या सरकारने बंदी टप्प्याटप्प्याने सैल केली. परवाना आणि दुकान परत आले. कायदा रद्द झाला नाही, तो आजही लागू आहे. हातभट्टीही गेली नाही. 2004 मध्ये विक्रोळीत आणि 2015 मध्ये मालवणीत विषारी दारूने घेतलेले बळी हीच साखळी दाखवतात. दोन्ही वेळी बळी गेले ते प्रामुख्याने हातावर पोट असणाऱ्यांचे.

दरम्यान, 1950 च्या दशकापासूनच सरकारी बंदीच्या बाहेर दुसरी वाट तयार होत होती. 1957 मध्ये मुंबईत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा सुरू झाल्या. तिथे फी नाही, हजेरीपट नाही. दारू सोडलेला माणूस दारू सोडू पाहणाऱ्याशी बोलतो आणि ‘फक्त आजचा दिवस’ एवढेच मागतो. 1980 च्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, शहरांत शिरले. 1985 मध्ये केंद्राने अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा केला. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलेल्या लेखांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांच्या देणगीतून, डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने, 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. व्यसन हा आजार मानणे, बऱ्या झालेल्यांनाच कार्यकर्ते करणे आणि ‘सहचरी’ गटांतून पत्नींना बोलते करणे ही त्याची पद्धत होती. पकडून आणण्यापेक्षा सोबत बसण्यावर तिचा भर होता.

लोकांना विचारण्याचा आग्रह मात्र बायांनी धरला. गडचिरोलीतल्या लोकचळवळीमुळे 1993 मध्ये तिथे जिल्हाभर दारूबंदी झाली. पुढे गावागावांतल्या मागणीतून मतदानाची तरतूद आली आणि 2008 च्या आदेशाने तिची पद्धत पक्की झाली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, तर पडताळणीनंतर गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहावे, आडवी म्हणजे बंद व्हावे. एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणून घरी राहिलेली प्रत्येक बाई नकळत दुकानाच्या बाजूने मोजली जाते. पहाटेच्या लोकलने कामाला निघणाऱ्या बदलापूर-अंबरनाथसारख्या शहरांत ही अट डोंगराएवढी आहे. शिवाय हा कौल फक्त परवानाधारक दुकानांना लागू होतो. हातभट्टी त्याच्या बाहेरच राहते.

पुढच्या घडामोडी दोन्ही दिशांनी गेल्या. 2011 मध्ये राज्याने व्यसनमुक्ती धोरण स्वीकारले. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये आलेली दारूबंदी समितीच्या अहवालानंतर 2021 मध्ये उठली. त्याच वर्षी मोहाची फुले गोळा करणे आणि बाळगणे यांवरचे जुने निर्बंध सरकारने बहुतांशी हटवले. मोहवा कायद्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी टोपलीतले फूल पुन्हा वेचणारीचे झाले.