दुसऱ्या वाटेची कुळकथा

इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंड परगण्यात, समुद्राजवळ न्यू हार्टली हे लहानसं गाव आहे. जुन्या हार्टलीतली कोळशाची खाण पाण्याने भरली, म्हणून 1840च्या दशकात जरा आत सरकून ‘हेस्टर पिट’ खोदली आणि तिच्याभोवती कामगारांची घरं उभी राहिली. गाव खाणीच्या पोटचंच.

या खाणीला उभी विहीर, म्हणजे शाफ्ट, एकच होती. रुंदी सुमारे 12 फूट. मधोमध लाकडी आडभिंत घालून तिच्यातूनच हवा खेळवायची, माणसं उतरवायची, कोळसा काढायचा आणि पाणीही उपसायचं. दुसरा शाफ्ट खोदायचा तर पैसा लागतो. तेव्हाच्या अनेक मालकांनी तो वाचवला होता. मला यात अज्ञान दिसत नाही, हिशेब दिसतो.

16 जानेवारी 1862. सकाळी पाळी बदलत होती, त्यामुळे दोन्ही पाळ्यांची माणसं खाली होती. पाणी उपसणाऱ्या इंजिनाची ओतीव लोखंडी तुळई मधोमध तुटली. तिचा वीसेक टनांचा तुकडा शाफ्टमध्ये कोसळला आणि आडभिंतीची लाकडं, दगडमाती घेऊन वाट बुजवून बसला. पिंजऱ्यातून वर येणाऱ्या आठांपैकी पाच दगावले. खाली 199 जण अडकले, त्यांत लहान मुलंही होती. शाफ्ट खोदण्यात मुरलेला विल्यम कूल्सन आपली माणसं घेऊन रात्रंदिवस मलबा उपसत राहिला. वाट मोकळी झाली ती सहाव्या दिवशी. तोवर विषारी वायूने सगळे गेले होते. एका मुकादमाच्या वहीत, सगळ्यांनी मिळून प्रार्थना केल्याची नोंद सापडली.

204 माणसं गेली. एकेका घरातला बाप आणि मुलगे एकाच दिवशी. बहुतेकांना शेजारच्या अर्सडनच्या चर्चजवळ पुरलं.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात ब्रिटिश संसदेने कायदा केला: कोळशाच्या खाणीला किमान दोन वेगवेगळे शाफ्ट किंवा बाहेर पडायच्या वाटा हव्यात. चालू खाणींना 1865च्या सुरुवातीपर्यंत मुदत मिळाली. भारतातल्या भूमिगत कोळसा खाणींच्या नियमांतही दोन वाटांची ही अट आहे; चंद्रपूर, उमरेडच्या पट्ट्यातल्या खाणकामगारांनाही ती लागू आहे.