फी नाही, पण प्रवेश कठीण. अर्जेंटिनातील या सरकारी शाळेचा इतिहास काय?

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्समध्ये एक सरकारी माध्यमिक शाळा आहे. तिथे फी लागत नाही आणि वशिलाही चालत नाही. वर्षभराचा प्रवेश अभ्यासक्रम पूर्ण करून, परीक्षांतील गुणांवरच जागा मिळते. या शाळेचं नाव कोलेखिओ नासिओनाल दे ब्युनोस आयर्स.

शाळेची मुळं १७व्या शतकात आहेत. तेव्हा इथे जेझुइट धर्मगुरू शिकवत. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने त्यांना हद्दपार केलं. त्यानंतर १७७२ मध्ये त्याच परिसरात सान कार्लोस विद्यालय सुरू झालं. अर्जेंटिनाचा राष्ट्रध्वज तयार करणारे मान्युएल बेल्ग्रानो आणि १८१०च्या क्रांतीतले नेते मारियानो मोरेनो याच विद्यालयात शिकले.

आजच्या शाळेची स्थापना १८६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बार्तोलोमे मित्रे यांच्या आदेशाने झाली. नव्या देशाला प्रशासक, वकील आणि शास्त्रज्ञ हवे होते. फ्रान्समधून आलेले तत्त्वज्ञ आमेदे जाक यांनी अभ्यासक्रमात विज्ञानाला महत्त्वाचं स्थान दिलं. १९११ मध्ये ही शाळा ब्युनोस आयर्स विद्यापीठाशी जोडली गेली.

इथल्या विद्यार्थ्यांनी राजकारणातही हिरिरीने भाग घेतला. त्याची किंमत मोठी होती. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत शाळेचे शंभरच्या आसपास आजी-माजी विद्यार्थी मारले गेले किंवा ‘बेपत्ता’ झाले.

देश घडवणारी माणसं तयार करण्यासाठी सरकारने ही शाळा काढली. पुढे सत्तेला प्रश्न विचारणारी इथलीच मुलं सरकारला नकोशी झाली.