जागा मिळाली, राहायचं कुठे?

मुदखेड जंक्शनवरून नांदेडच्या कॉलेजात जाणाऱ्या बहुतेक मुलांना वसतिगृह ही सोय वाटते. स्वमग्न विद्यार्थ्यासाठी मात्र ती शिक्षणाची अटच ठरू शकते, कारण गाडीतली गर्दी, गोंगाट आणि ऐनवेळी बदललेला फलाट यांतच त्याची दिवसभराची ताकद संपू शकते. फी माफ करून भागत नाही, राहण्याची व्यवस्थाही लागते, हे महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखलं होतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना बळ दिलं. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींची मुलं एकाच छताखाली आणली. अपंगत्वाच्या कायद्यांत ही दृष्टी उशिरा आणि अर्धवट उतरली. १९९५ च्या कायद्यातल्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचं नाव घेतलं, आणि २०१६ च्या कायद्याने तिला २१ प्रकारांत घेऊन सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत लक्षणीय अपंगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखल्या. पण ही जागा वर्गातली झाली; खोली, मेस आणि रात्र यांचं काय?

वेगळं वसतिगृह काढलं तर ही मुलं पुन्हा बाजूला पडतील, हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मला साताऱ्याचा मार्ग योग्य वाटतो. नेहमीच्याच वसतिगृहात एक शांत खोली, अडचण सांगायला ठरलेली एकच व्यक्ती आणि मेसच्या वेळेतल्या बदलाची आगाऊ लेखी सूचना, एवढ्यापासून सुरुवात होते. एकदोघांसाठी एवढं कशाला, असं विचारलं जाईल. पण घरातून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या, नियम कुणाला विचारावेत हेही ठाऊक नसलेल्या खेड्यातल्या मुलीलाही नेमकं हेच हवं असतं.