लॅम्बोर्गिनी कून्ताच: जिनिव्हात गाजली आणि भिंतीवर आदळली, त्या पहिल्या गाडीची गोष्ट

लॅम्बोर्गिनी कून्ताच ही इटलीत १९७४ ते १९९० या काळात बनलेली स्पोर्ट्‌स कार. एवढ्या वर्षांत मिळून जेमतेम दोन हजारांच्या आसपास गाड्या तयार झाल्या. आपल्याकडे बरेच जण इंग्रजी स्पेलिंगवरून तिला ‘काउंटॅक’ म्हणतात. पोस्टरवर किंवा खेळण्यातल्या गाड्यांत तरी ती अनेकांनी पाहिलेली असते. मात्र जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं ती पहिली गाडी आज जगात नाही. ती चोरीला गेली नाही की जळाली नाही. कंपनीनंच ती आदळून मोडली.

११ मार्च १९७१ रोजी जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात बेर्तोने या डिझाइन कंपनीच्या स्टॉलवर एक पिवळीधमक गाडी उभी राहिली. नाव ‘एलपी ५००’. एलपी म्हणजे इंजिन मागे आणि लांबीत बसवलेलं, ५०० म्हणजे पाच लिटरचं. आराखडा मार्चेल्लो गांदिनी यांचा, यंत्ररचना पाओलो स्तान्झानी यांची. त्याच प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीच्या स्वतःच्या स्टॉलवर मिउराची नवी आवृत्ती ‘एसव्ही’ होती. म्हणजे जुनी लाडकी लेक आणि तिची जागा घेणारी एकाच छपराखाली!

मिउराचं इंजिन आडवं होतं, त्यामुळे गिअरची जोडणी अवघड व्हायची आणि उष्णता, आवाज थेट चालकाच्या पाठीशी. स्तान्झानींनी इंजिन लांबीत बसवलं आणि गिअरबॉक्स चक्क त्याच्या पुढे, दोन सीटांच्या मधे आणला. गिअर हाताशी आला. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट मग इंजिनच्या तेलाच्या टाकीतून आरपार न्यावा लागला. ऐकायला उफराटं वाटतं, पण वजन गाडीच्या मध्याकडे सरकलं ते यामुळेच.

दरवाजे वर उघडतात ते निव्वळ दिखाव्यासाठी, असा समज आहे. तो अर्धाच खरा. गांदिनींनी असे दरवाजे आधी १९६८ च्या ‘अल्फा रोमिओ काराबो’ या प्रदर्शनी गाडीला दिले होते. कून्ताचमध्ये त्यांचा उपयोगही होता. मागचं जवळजवळ काही दिसत नसल्यानं रिव्हर्स घेताना दरवाजा वर करून, रुंद उंबऱ्यावर बसून, मान बाहेर काढून गाडी मागे घेता यायची.

नावाचा किस्सा गांदिनींनीच सांगितलेला. प्रदर्शनासाठी रात्र-रात्र काम चालायचं. कुलपं बनवणारा एक धिप्पाड कारागीर फक्त पिएमोंतची बोली बोलायचा, आणि काही नवल दिसलं की म्हणायचा, ‘कून्ताच!’ मूळ अर्थ साथीचा रोग, वापर मात्र आश्चर्याचा. आपल्या ‘आयला!’सारखं समजा, अर्थ बघायला गेलं तर शिवीच, पण तोंडातून कौतुकच बाहेर पडतं. गांदिनींनी थट्टेत सुचवलं, की हेच नाव देऊ. शेजारी काम करत असलेल्या न्यूझीलंडच्या बॉब वॉलेसनी ते आपल्या उच्चारात म्हणून पाहिलं, आणि नाव पक्कं झालं. इटलीच्या कोपऱ्यातल्या एका बोलीतला शब्द असा जगभर गेला. प्रमाण इटालियनमधलं एखादं भारदस्त नाव इतकं टिकलं असतं का, शंकाच आहे.

प्रदर्शनातल्या गाड्यांचं एरवी काय होतं? दिवे, टाळ्या, फोटो आणि मग गोदाम. एलपी ५००चं तसं झालं नाही. लोकांचा प्रतिसाद बघून कंपनीनं ती विकायला बनवायचं ठरवलं, आणि शोभेची गाडी चाचणीची झाली. वॉलेस तिला रस्त्यावर पिदडू लागले. पाच लिटरचं इंजिन टिकलं नाही; विक्रीच्या गाडीत जुनंच चार लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन आलं. त्याहून मोठी डोकेदुखी उष्णतेची. गांदिनींनी खिडक्यांमागे माशाच्या कल्ल्यांसारख्या पट्ट्या दिल्या होत्या, त्यातून हवा पुरेना. मग दोन्ही बाजूंचा पत्रा कापून खोलगट झरोके काढले, खांद्यांवर खोक्यांसारखी तोंडं बसवली. आज जी कून्ताचची ओळख समजतात ती हीच. पहिल्या रेखाटनातली स्वच्छ रेषा मात्र तिथं मोडली. तरी माझं मत विचाराल तर ती ओबडधोबड खोकीच या गाडीला शोभतात.

१९७२ मध्ये फेरुच्चो लॅम्बोर्गिनींनी मोटार कंपनीतला बहुतांश हिस्सा विकला. हात आखडता होता. गाडी विकायची तर सरकारी मंजुरी हवी, मंजुरीसाठी क्रॅश टेस्ट हवी, आणि त्यासाठी एक अख्खी गाडी बळी द्यायची. मार्च १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या ‘मिरा’ या चाचणी केंद्रात एलपी ५०० आदळवली गेली. पुढं तिचं भंगार झालं.

असं आणखी एकदा घडलं. होरासिओ पागानी, जे नंतर स्वतःच्या नावानं गाड्या बनवू लागले, त्यांनी १९८७ मध्ये कार्बन फायबरचं अंग असलेली ‘इव्होल्युझिओने’ बनवली. नेहमीच्या कून्ताचपेक्षा ती सुमारे ५०० किलोंनी हलकी होती. तीही क्रॅश टेस्टमध्ये संपली. उलट वॉल्टर वुल्फ या कॅनडाच्या उद्योजकानं १९७५ पासून स्वतःसाठी करून घेतलेल्या रुंद टायरच्या, मागे पंख लावलेल्या गाड्यांवरून १९७८ ची ‘एलपी ४०० एस’ निघाली. पोस्टरवरची कून्ताच बहुधा या वळणाची असते.

२०१७ च्या अखेरीस एका संग्राहकानं लॅम्बोर्गिनीच्या वारसा विभागाकडे एलपी ५०० पुन्हा बनवण्याची मागणी केली. जुने फोटो, मंजुरीची कागदपत्रं, चाचणीच्या नोंदी जमवल्या. विक्रीतल्या गाड्यांची चासी नळ्यांची, पहिलीची वेगळी होती, म्हणून तीही नव्यानं बनवली. पत्रा हातानं ठोकून आकाराला आणला. टायर पिरेलीनं आपली जुनी दप्तरं काढून घडवले. २५,००० तासांहून जास्त काम झालं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ती कोमो सरोवराकाठच्या व्हिला देस्ते इथं लोकांसमोर आली.

त्याच वर्षी कंपनीनं कून्ताच नावाची नवी ‘एलपीआय ८००-४’ आणली, ११२ गाड्यांपुरती. आपला तिच्याशी संबंध नाही आणि जुनंच पुन्हा काढणं आपल्या वृत्तीत बसत नाही, असं गांदिनींनी जाहीर केलं. मार्च २०२४ मध्ये ते गेले. दोन्हींतली पुन्हा घडवलेली पिवळी गाडी मला जास्त प्रामाणिक वाटते. ती निदान जे मोडलं तेच जोडून दाखवते.

मूळ काळातली, आज शिल्लक असलेली सर्वात जुनी कून्ताच म्हणजे दुसरी प्रत. ती मार्च १९७३ मध्ये जिनिव्हात लाल रंगात उभी होती आणि त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात हिरवी होऊन आली. सान्तआगाता गावातल्या कंपनीच्या संग्रहालयात ती हिरवीच आहे.