वारली चौकाकडून वस्त्राकडे : एका लोकचिन्हाचे स्थलांतर

लोककलेतील चिन्हे वस्त्रांवर उतरविण्याची प्रथा आज इतकी रूढ झाली आहे की, ती चिन्हे मूलतः वस्त्रासाठी होती काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पैठणीच्या बाबतीत तो उद्भवत नाही, कारण तिचा नारळी काठ किंवा पदरावरील मोर मागावर विणतानाच आकार घेतो. वारली चित्रांचे तसे नाही. ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यांतील वारली स्त्रियांच्या लुगड्यांवर ही चित्रे नव्हती. ती भिंतीवर होती. प्रस्तुत निबंधात या स्थलांतराचा विचार केला आहे.

मूळ परंपरेत या चित्राचे केंद्र म्हणजे लग्नाचा चौक. शेणाने सारवून गेरूचा हात दिलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने, टोक ठेचून कुंचल्यासारख्या केलेल्या बांबूच्या काडीने, तो सवाशिणी लिहीत. चौकाच्या मध्यभागी सृजनाची देवता पालघट, जवळच्या लहान चौकात पाचशिऱ्या देव आणि भोवती झाडे, पशुपक्षी, शेतीची कामे असा संसार असे. चौकावाचून लग्न पूर्ण होत नसे. लग्नविधीची गाणी गाणारी धवलेरीही स्त्रीच. ज्या घरी लग्न, त्याच घराच्या भिंतीवर आणि त्याच लग्नापुरता हा चौक लिहिला जाई. पुढे पीठ गळून गेले तरी त्याची खंत नसे. आजच्या भाषेत ज्याला 'वैयक्तिक मागणीनुसार केलेली नक्षी' म्हणतात, ती वारल्यांकडे अशा रीतीने आधीपासूनच होती. फरक एवढाच की तीत कोणाचेही नाव लिहिलेले नसे, काढणारीचेही नाही.

१९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी वारली पाड्यांवर कागद व रंग पोहोचविले आणि हे चित्र भिंतीवरून प्रथमच सुटे झाले. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी त्याला विधीबाहेरचे स्वतंत्र आयुष्य दिले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची योग्यता वादातीत आहे. तथापि याच वळणावर चित्र स्त्रियांच्या हातून बहुतांशी पुरुषांच्या हाती गेले, ही गोष्ट अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. हेच कुलकर्णी १९६६ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने मिथिलेत गेले होते. तेथेही कागद आला, बाजार आला. परंतु जगदंबा देवी (पद्मश्री, १९७५) आणि सीता देवी (पद्मश्री, १९८१) या स्त्रियाच त्या कलेची ओळख बनल्या. तेव्हा बाजारामुळे स्त्रिया मागे पडणारच होत्या, असे म्हणून या प्रश्नाची वासलात लावता येत नाही.

कागदावरून कापडावर येणे त्यामानाने सोपे होते. पीठ धुण्यात टिकणार नव्हते, म्हणून कापडाचे पक्के रंग आले. पुढे छापाई आली. गेरूची भूमी गेली आणि निळ्या, काळ्या, पिवळ्या कुडत्यांवर आकृत्या आल्या. दोन त्रिकोणांची मानवाकृती कोणालाही पटकन साधते, हेही तिच्या प्रसाराचे एक कारण होय. तारप्याच्या नाचाचे वेटोळे कुडत्याच्या छातीवर नेमके बसते, नाचणाऱ्यांची रांग साडीच्या काठाला शोभते. पालघट मात्र सहसा वगळली जाते. ज्या देवतेसाठी चौक लिहिला जाई तीच गळाली आणि भोवतालची वर्दळ तेवढी राहिली. एका दृष्टीने हे बरेच झाले, असे प्रस्तुत लेखकास वाटते. विधीतील देवता रोजच्या पेहरावात न येणेच उचित.

कायद्याचा आधार येथे तोकडा पडतो. १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्याखाली वारली चित्रकलेची नोंदणी झाली आहे. पण त्या कायद्याने रक्षण होते ते नावाचे, रेषेचे नव्हे. 'वारली' हा शब्द न वापरता तशाच आकृत्या छापून विकणाऱ्यास त्याने सहजी अडविता येत नाही. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा एखाद्या कलावंताच्या विशिष्ट कृतीला त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण देतो; समाजाने पिढ्यान्‌पिढ्या, अनामिकपणे जपलेल्या आकृतीला तेथे धनीच सापडत नाही.

आज लग्नासाठी वधूवरांची नावे घालून वारली आकृत्यांची उपरणी व साड्या मागणीनुसार करून घेता येतात. लग्न आणि हे चित्र यांचा जुना संबंध अशा रीतीने, बहुधा नकळत, पुन्हा जुळला आहे. कापडावर नावे आता ग्राहकांची असतात. चौक लिहिणाऱ्या सवाशिणीचे नाव भिंतीवर नव्हते, ते काठावरही आलेले नाही.