स्पेन्स, कॅथरिन हेलन
(३१ ऑक्टोबर १८२५–३ एप्रिल १९१०). ऑस्ट्रेलियन लेखिका व निवडणूक-सुधारणेच्या प्रचारक. जन्म स्कॉटलंडमधील मेलरोझ येथे. १८३९ मध्ये कुटुंब दक्षिण ऑस्ट्रेलियात आले. कादंबऱ्यांनी नाव मिळाले, तरी त्यांचे खरे जीवितकार्य टॉमस हेअर यांच्या पसंतिक्रम मतदानाचा प्रसार हेच म्हणावे लागेल. या पद्धतीत मतदार उमेदवारांना १, २, ३ असा क्रम देतो. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला, किंवा त्याला गरजेहून जास्त मते पडली, तर मत पुढच्या पसंतीकडे वळते. राज्यसभेची निवडणूकही याच तत्त्वावर होते. १८६१ मध्ये स्पेन्स यांनी यावर पुस्तिका लिहिली. पुढे सभांमध्ये श्रोत्यांकडूनच लुटुपुटीचे मतदान करवून त्या मोजणी दाखवीत. १८९७ मध्ये ऑस्ट्रेलियन संघराज्याची घटना ठरविणाऱ्या अधिवेशनाची निवडणूक लढवून त्या ऑस्ट्रेलियातील पहिल्या स्त्री-उमेदवार ठरल्या. निवडून मात्र आल्या नाहीत. त्यांच्या हयातीत दक्षिण ऑस्ट्रेलियाने ही पद्धत स्वीकारली नाही. टास्मानियाने ती १९०९ मध्ये राज्यभर वापरली.